बँक्सियाला इंजेक्शन

पर्थला झाडांना इंजेक्शन देते म्हटलं की इकडचे मराठी लोकसुद्धा आधी हसतात. पण काम खरंच तेच आहे, खोडाला ड्रिलने छोटं भोक पाडायचं, स्प्रिंगवाली 20 मिलीची सिरिंज बसवायची आणि झाड औषध कधी ओढतंय ते बघत बसायचं. औषध फॉस्फाइट. रोग फायटोफ्थोरा सिनामोमी, इथे सगळे डायबॅकच म्हणतात. बुरशीसारखा दिसतो पण बुरशी नाही, ओल्या मातीत ह्याचे बीजाणू चक्क पोहतात आणि बुटा-टायरच्या चिखलातून पुढच्या रानात जातात, म्हणून आत शिरताना आणि निघताना बूट घासून स्पिरिट मारणं आलंच. बँक्सिया हे इथलं मूळचं झाड, त्याच्या इथल्या रानाला 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने धोक्यात असलेलं जाहीर केलंय.

त्या दिवशी छान ऊन होतं, ऊन असलं की झाड पाणी जोरात ओढतं. शेजारी शेजारी दोन बँक्सिया, एक शेंड्याला पिवळी पडलेली, दुसरी हिरवीगार. पिवळीला उगाच औषध कशाला घालवायचं असं टीममध्ये कोणीतरी म्हणालंच. तिने थोड्या वेळात सगळ्या सिरिंज रिकाम्या केल्या! हिरवीची मात्र दुपारपर्यंत एक रेघ खाली नाही, दुसऱ्या बाजूने भोक पाडून बघितलं तरी तेच. मग बुंध्याजवळ साल खरवडली तर आत सगळं तपकिरी, जवळपास चारी बाजूंनी. वरून पत्ता नाही. बँक्सिया अशीच फसवते, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की एकदम वाळते. मातीचा नमुना लॅबला गेला, डायबॅकच निघाला.

संध्याकाळी बाबांना फोनवर सांगितलं, आमची वरुडला संत्र्याची बाग आहे. "अगं हा तर आपला डिंक्याच, बोर्डोपेस्ट नाही का लावत?" खरंय, संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो तो डिंक्या पण फायटोफ्थोराच. पण बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप, तो सालीवरच राहतो, फॉस्फाइट पाण्याबरोबर वर जातं आणि रसाबरोबर परत मुळापर्यंत उतरतं. बाबा आळ्यात अलिएट नावाचं औषध सोडतात, त्याचं झाडात गेल्यावर शेवटी फॉस्फाइटच होतं. फक्त ह्याने मातीतला रोग मरत नाही, झाडाची झुंजायची ताकद वाढते, आणि काही वर्षांनी परत टोचावं लागतं.

हिरवीला सोडून दिलं. उरलेलं औषध तिच्या पलीकडच्या, अजून रोग न पोचलेल्या झाडांना दिलं, आणि पिवळी पुढच्या फेरीच्या यादीत टाकली.