ताण

दुपारी तीनच्या उन्हात बाल्कनीतला बोगनवेलीचा बोन्साय मान टाकून उभा होता. पानं मऊ पडलेली, शेंडे लोंबलेले, मातीनं ट्रेची कड सोडलेली. मला अगदी बरं वाटलं. आणखी एक दिवस कळ काढायची, मग पाणी, मग परत तहान. असे काही आठवडे काढले की पानांच्या बगलेत रंग दिसायला लागतो.

चहा टाकून परत येते तर ट्रेखालून पाणी ठिबकतंय आणि भांडं हातात घेऊन आई शेजारी उभी. सकाळचं तांदूळ धुतलेलं पाणी. मी कधी आत जाते याची वाट बघत तिनं ते जपून ठेवलं होतं.

"अगं, कोमेजलं होतं बिचारं."

आता बोगनवेलीला खाऊपिऊ घातलं की ती नुसती पानं काढते, हे मी तिला कितीदा सांगितलंय! शेण-गांडूळखताचा हात सैल सुटला की हातहातभर लांब, कोवळे, काटेरी फुटवे. फूल एक नाही. पाच-सहा तास कडक ऊन आणि पाण्याची ओढ, एवढंच तिला लागतं. फुलतेही नव्या फुटव्यांवर, म्हणून बहर सरला की सिकेटर घेऊन निर्दयपणे छाटायची. मोठी जखम मात्र करायची नाही, लाकूड पोचट असतं, आतून कुजत जातं. जुन्या फांदीला तार गुंडाळून वळवायला जावं तर काडकन मोडते. मुळांचंही तेच, कुंडी बदलताना मातीचा गड्डा फुटला की रुसलीच. आणि एवढे लाड करून जो गुलाबी रंग मिळतो, तो फुलांचा नसतोच. ती रंगीत पानं. खरं फूल म्हणजे त्यांच्या आत चिकटलेली पांढुरकी नळी, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

नाव तरी कुणाचं? बोगनविल नावाच्या फ्रेंच दर्यावर्द्याचं. १७६७ साली त्याच्या मोहिमेतल्या कॉमरसाँ या वनस्पतीशास्त्रज्ञानं ती रिओ दि जानेरोत गोळा केली. त्याचा पाय दुखरा, त्यामुळे रानोमाळ हिंडून ओझी वाहायला त्याची मदतनीस जान बारे, तीही पुरुषाच्या वेशात, कारण आरमाराच्या जहाजावर बाईला मज्जाव. वेलीला नाव लागलं कप्तानाचं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग त्यात नवल काय?"

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. ही माझी आई सांगोल्याकडची. मामाची डाळिंबाची बाग होती आणि तो मृग बहार धरायचा, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर झाडं फुलवायचा. आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत जायचो तेव्हा बागेचं पाणी तोडलेलं असायचं, यालाच ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडून खाली सडा, झाडं म्हणजे नुसत्या काटक्या, आणि आमच्या पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे. विहिरीत पाणी दिसत असताना झाडांना का देत नाहीत, हे मला काही केल्या समजायचं नाही. मामाचाही कधी कधी धीर सुटायचा. तेव्हा बांधावर उभी राहून, पदर कमरेला खोचून, एक फांदी वाकवून बघत हीच आई म्हणायची, "दादा, अजून चार दिवस दम धर. पानगळ पुरती झाली नाही." आणि जूनमध्ये पाणी सोडलं की त्या काटक्यांवर लालभडक कळी लागायची.

"ताण म्हणजे काय हे तुला मी शिकवू?" मी परवा चिडून विचारलंच.

"ते रान होतं," ती म्हणाली. "पोटाचा प्रश्न होता. ह्याच्या फुलाला ना वास, ना खाली फळ. नुसतं बघायचं म्हणून तहानेलं ठेवायचं?"

मग भांडं पालथं घालत, माझ्याकडे न बघता, "आणि त्या बागेला एवढे ताण दिले, काय उरलं शेवटी?"

मामाची बाग तेल्या रोगानं गेली. सगळी झाडं उपटून बांधावर टाकावी लागली. त्याचा ताणाशी काही संबंध नव्हता, आईलाही ते ठाऊक आहे. मी ते पुन्हा सांगत बसले नाही.