आमची वाटचाल: फॉक्सप्रोपासून पोस्टग्रेसपर्यंत

लहान व्यवसायांचा विखुरलेला डेटा नीट टेबलांत बसवून देणं, हे आमच्या छोट्या फर्मचं काम. सुरुवात फॉक्सप्रो या डेटाबेस सॉफ्टवेअरवर झाली. तेव्हा एक टेबल म्हणजे डिस्कवरची एक डीबीएफ फाइल असायची. 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची नवी आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं, पण आमची बरीच कामं त्याआधीच मायक्रोसॉफ्टच्याच अ‍ॅक्सेसवर गेली होती. पुढे एकाच वेळी नोंदी करणारी माणसं वाढली, अ‍ॅक्सेसच्या फाइलची 2 जीबीची मर्यादाही जवळ दिसू लागली, तेव्हा मायएसक्यूएल आणि मग पोस्टग्रेसकडे वळलो. या सगळ्या प्रवासात सॉफ्टवेअर बदलत गेलं, पण नव्या ग्राहकाला आम्ही विचारतो तो पहिला प्रश्न तोच राहिला: तुमच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे काय?

आधी एक गोंधळ दूर करतो. डेटाबेस म्हणजे तुमच्या नोंदींचा रचून ठेवलेला साठा. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस ही तो साठा सांभाळणारी सॉफ्टवेअर. तुमचा बिलिंगचा प्रोग्रॅम थेट फाइल उघडत नाही, तो या सॉफ्टवेअरकडे मागणी करतो. कोणाला काय दिसावं, दोघांनी एकदम तीच नोंद बदलायला घेतली तर काय करायचं, हे सगळं ते बघतं.

आता त्या एका ओळीकडे. आमच्याकडे येणाऱ्या एक्सेल शीटचा ठरलेला साचा असतो: तारीख, ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, मग वस्तू-1, नग-1, वस्तू-2, नग-2, वस्तू-3, नग-3. चौथी वस्तू आली की ती शेऱ्याच्या रकान्यात कोंबलेली असते. ग्राहकाचा पत्ता बदलला की कुठे नवा, कुठे जुना. एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, त्यामुळे त्याची एकूण खरेदी काढायला गेलं की तीन वेगळे आकडे. शीट भरली म्हणून लोक आमच्याकडे येतात असं कोणाला वाटेल, पण एक्सेलमध्ये 2007 पासून 10,48,576 ओळी मावतात. अडचण जागेची नसते, एका ओळीत तीन-चार वेगळ्या गोष्टी कोंबल्याची असते.

मग कागद घेऊन बसायचं. ग्राहक हे एक टेबल, इथे एक ओळ म्हणजे एक ग्राहक. वस्तूंचं दुसरं. ऑर्डरचं तिसरं, त्यात तारीख आणि फक्त ग्राहकाचा क्रमांक. चौथं ऑर्डर-तपशिलाचं, ज्यात एक ओळ म्हणजे एका ऑर्डरमधली एक वस्तू. ऑर्डरमध्ये तीन वस्तू असोत की तीस, रकाने वाढत नाहीत, ओळी वाढतात. प्रत्येक ग्राहकाला मिळालेला, कधीही न बदलणारा क्रमांक ही प्रायमरी की. तोच क्रमांक ऑर्डरच्या टेबलात आला की फॉरेन की. ती लावली की अस्तित्वातच नसलेल्या ग्राहकाच्या नावाने ऑर्डर चढवता येत नाही, सॉफ्टवेअर ती नाकारतं.

इथे नवशिके हमखास अडखळतात तो मुद्दा दराचा. दर वस्तूंच्या टेबलात आहेच, मग तपशिलात पुन्हा कशाला? कारण दर उद्या बदलेल, आणि जुनं बिल बदलता कामा नये. आजचा दर हा वस्तूचा गुण आणि विकला त्या दिवशीचा दर हा त्या व्यवहाराचा. दोन्ही ठेवायचे. फोन नंबर मात्र आकडा म्हणून ठेवू नका, सुरुवातीचं शून्य उडतं. त्याची बेरीज कोणी करत नाही, तो मजकूरच.

ही रचना मुळात एडगर कॉड यांची. आयबीएममध्ये असताना 1970 साली त्यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत मांडायची पद्धत, मांडलं. त्याआधी नोंद कुठल्या वाटेने शोधायची हे प्रोग्रॅमरलाच माहीत असावं लागे. पुढे आयबीएममध्येच चेंबरलिन आणि बॉइस यांनी घडवलेली भाषा आज एसक्यूएल म्हणून सगळीकडे चालते. 1986 मध्ये तिचं प्रमाणित रूप ठरलं. तिच्यात ‘सिलेक्ट नाव फ्रॉम ग्राहक व्हेअर बाकी > 0’ एवढं म्हटलं की येणं असलेल्यांची यादी समोर. कसं शोधायचं ते सांगायचं नाही, काय हवं ते सांगायचं. मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर जाताना आमच्या मुलांचं शिकलेलं वाया गेलं नाही, ते यामुळेच.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती ट्रान्झॅक्शन. ऑर्डर चढली आणि साठ्यातून माल वजा होण्याआधी वीज गेली, तर? दोन्ही कामं एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधली असतील तर एकतर दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. अर्धवट नोंद मागे उरत नाही. इंडेक्सचं, म्हणजे नोंद झटपट सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचीचं, महत्त्व नोंदी लाखांत गेल्यावर आपोआप कळतं.

शिकणाऱ्यांना आम्ही एसक्यूलाइट देतो. 2000 साली रिचर्ड हिप यांनी आणलेलं हे सॉफ्टवेअर सर्व्हरशिवाय चालतं, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, आणि तुमच्या फोनमध्ये ते बहुधा आहेच. एकाच वेळी अनेकजण नोंदी करणार असतील तर आमची पसंती पोस्टग्रेसला, कारण तारखेच्या रकान्यात ‘30 फेब्रुवारी’ घालू पाहिलं तर ते घेत नाही. टेबलांऐवजी दस्तऐवजांच्या रूपात नोंदी ठेवणाऱ्या मोंगोडीबीबद्दल बरेचजण विचारतात. हिशेब आणि ऑर्डर असतील तर आम्ही टेबलंच सुचवतो.

काम सोपवताना बॅकअप घेतला एवढं सांगून आम्ही थांबत नाही. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उभा करतो, शेवटच्या ऑर्डरचा क्रमांक आणि एकूण बाकी मालकासमोर ताडून पाहतो. आकडे जुळले की मगच जुन्या शीटमधल्या नोंदी थांबवायला सांगतो.