आठशेची डायरी: बॅटरी नवी, घुर्र जुनीच

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की नवी बॅटरी बसवली, विषय संपला. अकराव्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि तेच. घुर्र... घुर्र... टक.

नव्या मंडळींसाठी: गाडी २००४ची मारुती आठशे, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली). मुक्काम देवगड, घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. इथे दाराच्या बिजागऱ्यासुद्धा खारं वारं खातं, तिथे गाडीच्या पत्र्याचं काय! नांदगाव तिठ्यापर्यंत जाऊन आलं की बॅटरी बऱ्यापैकी भरायला हवी. आमची मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा धक्क्यावर.

या वेळी दुकानात न जाता मीटर घेऊन बसलो. हे आधीच करायला हवं होतं, माहीत आहे.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.१८ व्होल्ट. भरलेली असती तर १२.६च्या आसपास दिसले असते, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. मग उभ्या गाडीत कोणी करंट खातंय का ते पाहिलं. निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मधे मीटर घातला (लाल वायर १० अँपच्या भोकात, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो, माझा एकदा गेलाय), दारं लावून थोडा वेळ थांबलो. २८ मिलीअँप. पन्नासच्या आत असलं की मी त्याच्या वाटेला जात नाही. म्हणजे गळती नव्हती, बॅटरी भरतच नव्हती.

इंजिन चालू केलं, हेडलाइट आणि ब्लोअर लावला. बॅटरीवर १३.०९. 'अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) गेला' म्हणून इथेच मोकळं होता आलं असतं, आणि गॅरेजमध्ये बहुतेक तसंच झालं असतं. पण त्याच वेळी मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी त्याच्याच बॉडीवर टेकवली, तर १४.२८! मीटर एसी व्होल्टवर लावून मोजलं तर अर्ध्या व्होल्टच्या खूप खाली, म्हणजे आतले एसीचं डीसी करणारे डायोडही ठीक. अल्टरनेटर बिचारा आपलं काम चोख करत होता, सव्वा व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होता.

मग वाटच मोजली. अल्टरनेटरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत ०.१३. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.०६. खरं तर तिथे जवळपास शून्य यायला हवं. बेरीज करून बघा, १४.२८ बरोबर जुळतात. असं गणित जुळलं की मला चहाची तल्लफ येते.

हे इंजिन चालू आणि लोड लावूनच मोजा. गाडी बंद ठेवून ओहमवर लावलात तर वायरीतल्या चारच तारा शाबूत असल्या तरी मीटर 'सगळं छान' म्हणतो. आणि चालू गाडीचं बॅटरी टर्मिनल काढून 'चार्जिंग बघायची' जुनी सवय कृपा करून सोडा. तेव्हा उसळणारा व्होल्टेज डायोड आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही घेऊन जाऊ शकतो.

शेजारचे काका कुंपणावरून बघत होते. उभी हयात ट्रॉलरच्या इंजिनांत गेलेला माणूस. म्हणाले, "तुझो क्लच जड झालो होतो काय रे मध्यंतरी?"

झाला होता. मे महिन्यात केबल बदलली होती, गंजली असेल म्हणून. जुनी केबल मांगरात, म्हणजे परसातल्या खोपीत, पडलेली, ती शोधून काढली आणि कापली. आतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलेलं. इंजिनची अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट, तुटली की स्टार्टरचा करंट परतायला मिळेल ती वाट धरतो, आणि आमच्या गाडीत ती वाट क्लचच्या केबलमधून गेली होती. काका काही न बोलता आत गेले.

ही अर्थिंग म्हणजे इंजिन ते गाडीची बॉडी अशी विणलेली तांब्याची पट्टी असते, ती सोडवली. वरून काळपट, पण अखंड. टोकाच्या लगजवळ (बोल्टमध्ये बसणारी कडी) वाकवली तर करकर वाजली आणि तळहातावर हिरवी भुकटी पडली. मधल्या मोजक्या तारा तेवढ्या चमकत होत्या.

वेल्डिंगची जाड केबल आणली, दोन्ही टोकांना लग दाबून घेतले, बॉडीचा बोल्ट उघड्या पत्र्यापर्यंत घासला, आवळला आणि मगच वरून ग्रीस थापलं. ग्रीस आधी नको. आता मायनस बाजूला ०.०४, बॅटरीवर १४.१, आणि स्टार्टर असा फिरतो की मांजर बॉनेटवरून उडालं.

राहता राहिली जुनी बॅटरी. ती बहुधा चांगलीच होती. ती मी दुकानदाराला देऊन वर सूट मिळाली म्हणून खूश झालो होतो.

एक शंका बाकी आहे. वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून गाडी आयडलवर ठेवली की व्होल्टेज १३.४ पर्यंत उतरतं, रेस दिली की वर जातं. अल्टरनेटरचा पट्टा ताठ आहे. त्याच्या आतले कार्बन ब्रश झिजलेत का ते गणपतीआधी उघडून बघणार आहे, पावसाने एक कोरडा रविवार दिला तर. आज सकाळी, रात्रभर उभी राहून, १२.५८.