सांगलीची ट्रंक

२०१९ च्या जुलैत पाऊस चार दिवस उघडला नव्हता, तेव्हा एक बाई रिक्षातून पत्र्याची ट्रंक उतरवून माझ्या दुकानात आल्या. बुधवार पेठेत एका जिन्याखाली माझी जागा आहे. ट्रंक काउंटरवर ठेवली आणि आम्ही दोघं एकमेकांना दिसेनासे झालो. ट्रंकेमागून आवाज आला, "वडिलांचा सांगलीत फोटो स्टुडिओ होता. बंद होऊन वीस वर्षं झाली. माझ्या मुलीला आता रोलवर फोटो काढायची हौस लागलीय. यातलं काय चालेल ते बघा की."

झाकण उघडलं आणि चामडं, बुरशी, जुनं तेल असा ओळखीचा वास आला. पावसाळ्यात या वासावरच माझं घर चालतं. लेन्समध्ये बुरशी चढते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, आणि गिऱ्हाईक विचारतं, "पुसून जाईल ना?" कधी जाते, कधी काचेवरचा थरच खाऊन गेलेली असते.

सगळ्यात खाली सागवानी कॅमेरा होता. पितळी लेन्स, कापडी भाता, मागे दुधी काच. याला शटरच नाही. लेन्सवरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी परत लावायची. काचेवर गिऱ्हाईक डोकं खाली पाय वर दिसतं, म्हणून फोटोग्राफर काळ्या कापडात शिरून उलट्या माणसाची मान सरळ करायचा. यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नसतं. भात्याच्या कोपऱ्यात भोक पडलं तर आतून काळं कापड चिकटवायचं, झालं.

मी मुंबईत बोरा बाजारात उमेदवारी केली. माझे उस्ताद म्हणायचे, कॅमेरा उघडायच्या आधी एवढंच आठव, की याच्या आधीच्या कॅमेऱ्यात लोक काय चुकत होते. ती चूक जिथे बुजवली असेल तिथेच स्क्रू जास्त असतील आणि तिथेच तो बिघडलेला असेल. तीस वर्षांत हे फारसं खोटं ठरलेलं नाही.

सागवानी कॅमेऱ्याच्या वर, मऊ फडक्यात गुंडाळलेला रोलिफ्लेक्स. १९२९ साली जर्मनीत ब्राउनश्वाइगला हा दोन डोळ्यांचा कॅमेरा निघाला. वरच्या डोळ्यातून बघायचं, खालच्याने फोटो घ्यायचा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांनी दिल्लीत वापरलेल्या कॅमेऱ्यांपैकी हाही एक. हा मी हातात घेतला की उगाच सरळ बसतो. एका सेकंदाचं शटर कानाने तपासलं. घरघर जवळजवळ दोन सेकंद चालली. आतल्या दातेरी चाकांचं तेल सुकून डिंक झालं होतं. धुऊन काढायचं काम, दोन दिवस. १९३७ च्या ऑटोमॅट मॉडेलपासून याच्या हँडलने एकाच फेरीत रोल पुढे जातो आणि शटरही ताणलं जातं. रोल सरकला नसेल तर शटर दाबलं जात नाही. एकावर एक फोटो पडायची जुनी चूक त्यांनी अशी बुजवली. ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाने तर १९२५ च्या लायका कॅमेऱ्यातच ती सोय केली होती. सिनेमाची पट्टी आडवी धरून त्याने ३६ फोटोंचा खिशातला कॅमेरा केला. मुलीच्या हौसेचा तो रोल म्हणजे तीच पट्टी, फोटोची चौकट अजूनही २४ बाय ३६ मिलिमीटर.

मुलीसाठी खरा कामाचा होता कॅनन एई-१, १९७६ चा. आत मायक्रोप्रोसेसर असलेला पहिला एसएलआर, म्हणजे ज्या लेन्सने फोटो घ्यायचा तिच्यातूनच आरशाच्या मदतीने बघायचा कॅमेरा. उजेड तोच मोजतो, लेन्सचं छिद्र किती उघडायचं तेही तोच ठरवतो. बॅटरी संपली की ठोकळा. नवी बॅटरी घातली, शटर दाबलं, तर दम्याच्या माणसासारखी शीळ निघाली. आरशाजवळच्या एका चाकाचं तेल वाळलं होतं. सुईने नेमक्या जागी एक थेंब, तेवढाच इलाज. बाकी आरसा जिथे आपटतो त्या पट्टीवरचा फोम काळा चिकट होऊन बोटांना लागत होता, तो बदलायचा. (एई-१ यायच्या काही महिने आधी, डिसेंबर १९७५ मध्ये, कोडॅकच्या रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेत स्टीव्ह सॅसनने पहिला डिजिटल कॅमेरा चालवून पाहिला. एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. तेव्हा कोणाला वाटलं असेल, की बोरा बाजारातले निम्मे पाने आणि स्क्रूड्रायव्हर हा डबा भंगारात घालेल?)

कोपऱ्यात राहिला होता एक ॲग्फा क्लिक थ्री, आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकात घरोघर असलेला. पत्र्याचा आणि प्लॅस्टिकचा साधा डबा, १९०० साली कोडॅकने एका डॉलरला विकलेल्या ब्राउनीच्याच घराण्यातला. ऊन आणि ढग अशी दोन चित्रं, फोकस करायची भानगड नाही. पाठीमागे लाल काचेची खिडकी, तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा बघत चावी फिरवायची.

खिडकीत ५ दिसत होता.

"ताई, यात रोल आहे."

त्या ट्रंकेच्या बाजूने पुढे आल्या. "असणार. तो माझा. बाबांनी मला दिला होता, मी नऊ वर्षांची असताना. मे महिन्यात चार-पाच काढले असतील. बाबा म्हणाले, बारा पुरे कर, मग धुऊ. पुढे शाळा सुरू झाली आणि कॅमेरा माळ्यावर गेला."

मी रोल धुण्याची कामं घेत नाही. हे घेतलं. त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, काळ्या पिशवीत हात घालून रोल काढला. कागदावर इंदू छापलेलं, उटीच्या कारखान्याचा माल. पन्नास वर्षांच्या आसपासची फिल्म म्हणजे निम्मी धुक्यात गेलेली, हे धरूनच चाललो. रात्री घरच्या बाथरूममध्ये बर्फ घालून पाणी २० अंशांवर आणलं. बायकोने बाहेरून दोनदा विचारलं, झालं का.

पहिल्या तीन चौकटी राखाडी. पाचवीवर काहीच नाही. चौथीवर मात्र काहीतरी होतं आणि ते मला कळेना. एक माणूस उभा, पांढरा सदरा, हात मागे, आणि त्याच्या पोटातून एक वासरू बाहेर बघतंय. वासराचा एक कान त्याच्या खिशावर.

सकाळी त्यांनी निगेटिव्ह दुकानाच्या ट्यूबलाइटसमोर धरली. मी मोबाइलवर फोटो काढून उलटा केला, म्हणजे काळ्याचं पांढरं झालं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग हसल्या.

"हे आमच्या गोठ्यातलं. आणि हे बाबा. आधी वासराचा काढला. बाबा म्हणाले, आता माझा काढ. चावी फिरवायची राहिली माझी."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "दुकानात सगळ्या गावाचे फोटो होते हो. बाबांचा एकही नाही. लग्नाचा ग्रुप फोटो आहे, त्यातही ते कॅमेऱ्यामागे. आत्या अजून ओरडते त्यावरून."

मी निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात घालून दिली. प्रिंट कुठे चांगली निघेल ते सांगितलं. त्यांनी विचारलं, वासरू काढून टाकता येतं का कॉम्प्युटरवर? मी म्हटलं, येत असेल. त्यावर त्याच म्हणाल्या, "नको, राहू दे."

कामाच्या वहीत नोंदी केल्या. रोलिफ्लेक्स, शटर मंद. एई-१, आरशाचा आवाज, फोम. सागवानी, भात्याला एक भोक. क्लिक थ्रीपुढच्या रकान्यात लिहिलं, दोष नाही.