शेरा : वडील गंभीर आजारी

जून २०२० मध्ये माझी ड्यूटी सहार विमानतळावर लागली. मी महसूल खात्यात अव्वल कारकून. सातबारा, पंचनामे आणि मतदारयाद्यांत उभी नोकरी घालवलेल्या बाईला पीपीई किट घालून टी-टू टर्मिनलवर बसवलं होतं, कोविडमुळे परदेशात अडकलेल्यांना परत आणणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानांतून उतरणाऱ्यांना विलगीकरणासाठी हॉटेलं वाटायला.

लोकांना अजून वाटतं, सरकारने आणलं म्हणजे फुकट आणलं. तसं नव्हतं. तिकीट ज्याचं त्याने काढायचं. लंडन-मुंबई ५० हजार, अमेरिकेहून १ लाखाच्या आसपास. विमानात चढण्याआधी हमीपत्रावर सही घ्यायचे. केंद्राच्या २४ मेच्या सूचनांप्रमाणे ७ दिवस संस्थात्मक विलगीकरण आणि पुढचे ७ दिवस घरी. त्या पहिल्या सात दिवसांपुढे शब्द होता 'स्वखर्चाने'. आमचं निम्मं भांडण त्या एका शब्दावरून.

उतरलेल्यांचे आम्ही तीन ढीग करायचो : मुंबईचे, इतर जिल्ह्यांचे, परराज्यांतले. इतर जिल्ह्यांचा वाहतूक पास येईपर्यंत ती माणसं हॉटेलात. यादीत पासपोर्टवरचा पत्ता असायचा आणि तिथेच घोळ व्हायचा. पत्ता सातारा आणि माणूस पंधरा वर्षं नालासोपाऱ्यात. म्हणून मी पत्ता विचारणं सोडलं. 'गाडी कुठे जाणार?' एवढंच विचारायचे. रांग अर्ध्यावर आली. पुढे सगळ्या पाळ्यांनी हेच उचललं. श्रेय कुणी दिलं नाही, ते सोडा.

तो मस्कतच्या विमानाने आला. श्रीवर्धन तालुक्यातला, ओमानमध्ये एसी मेकॅनिक. मार्चपासून पगार नाही, तिकीट मेहुण्याने काढून दिलेलं. खिशात ११ रियाल, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. हॉटेलांची यादी पुढे केली तर त्याने ती उलटी करून मागे काही स्वस्त आहे का ते पाहिलं. मागे कोरं होतं.

"मॅडम, पावती माझ्या नावावर फाडा. मी फेडीन."

उधारीसाठी माझ्याकडे रकाना नव्हता. हमीपत्रावर सही केलीत ना, असं मी विचारलं. माझ्या आवाजात तेव्हा जो खात्याचा सूर होता, तो मला आजही ऐकू येतो. तो म्हणाला, "इंग्रजीत होतं. सही नाही केली तर विमानात घेत नव्हते."

मग त्याने मोबाइल पुढे केला. ३ जूनच्या 'निसर्ग' वादळाने घराचे पत्रे उडाले होते आणि मागच्या वाडीतल्या सुपाऱ्या एका रेषेत आडव्या पडल्या होत्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्याला माहीत आहे त्याला कळेल, पडलेलं झाड म्हणजे किती वर्षांचं उत्पन्न.

हॉटेलातून सूट मिळण्याचे निकष ठरलेले होते : गर्भवती, घरात मृत्यू, गंभीर आजार, सोबत १० वर्षांखालचं मूल. 'मानवी संकट' असाही एक निकष होता. पण त्याला पुरावा काय जोडायचा हे कुणी लिहिलं नव्हतं, म्हणून तो कुणी वापरत नसे. सरकारी कामात पुरावा नसलेलं संकट धरत नाहीत.

मी त्याला आमच्या साहेबांकडे नेलं. साहेब नियमाला पक्के, स्वल्पविराम चुकला तरी टिपणी परत पाठवणारे. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"घरी कोण कोण?"

"आई-वडील, बायको, मुलगी."

"वडील गंभीर आजारी आहेत ना?"

"नाही साहेब. ठणठणीत आहेत."

साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, याने पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा मी मागून त्याची पिशवी ओढली. "दम्याचा त्रास आहे," तो म्हणाला. साहेबांनी सही केली, शेरा मी लिहिला. रायगडच्या दोघांच्या गाडीत तो तिसरा बसला.

ते सात दिवस रोग गावात जाऊ नये म्हणून होते. माणसाकडे पैसे नव्हते म्हणून आम्ही ते रद्द केले आणि त्याला खरोखरच दमा असलेल्या बापाच्या घरी पाठवलं. खर्च कुणी करायचा हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत हिशेबाचा वाटत होता.

२०२१ मध्ये त्याचाच फोन आला. (वडील बरे होते. मी आधी तेच विचारलं.) पासपोर्टचं नूतनीकरण होतं आणि एजंटाने घाबरवलं होतं की सरकारने परत आणलेल्यांचा पासपोर्ट अडवतात. मला ती थाप वाटली. पण १९६७ चा पासपोर्ट कायदा काढून पाहिला, तर कलम ६(२)(ह) मध्ये खरंच आहे : मायदेशी आणण्याचा खर्च परत न केलेल्याला पासपोर्ट नाकारता येतो. मी त्याला सांगितलं, तिकीट तुमचं तुम्ही काढलंत, तुम्ही सुटलात. तो हसला. मला नाही आलं हसू.

दूतावासांतल्या कामांवरच्या शुल्कातून २००९ पासून अडलेल्या भारतीयांसाठी एक कल्याण निधी साठतो. दूतावासाच्या खिडकीवर यानेही शुल्क भरलेलं असणारच. तो निधी त्याच्या हॉटेलपर्यंत का पोचला नाही, हे मी एकदा बैठकीत विचारलं. विषय पत्रिकेवर नव्हता.

मग २६ फेब्रुवारी २०२२. युक्रेनच्या युद्धात अडकलेल्या २१९ विद्यार्थ्यांना रुमानियातल्या बुखारेस्टहून घेऊन 'ऑपरेशन गंगा'चं विमान मुंबईत उतरलं. केंद्रीय मंत्री स्वागताला, कॅमेरे, फुलं. तिकीट सरकारचं. पुढच्या एका विमानाच्या वेळी मदतकक्षात मीही होते. पोरं खरंच भेदरलेली होती. बंकरमध्ये राहून आलेल्या मुलीचे हात मी धरले तर बर्फासारखे. तिच्याकडे कुणी पैसे मागितले असते तर मीच भांडले असते. पण एका वडिलांनी, नव्या मोठ्या गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत, नाशिकपर्यंत सरकारी वाहन का नाही म्हणून मला वीस मिनिटं सुनावलं. त्यांच्याकडून मात्र ६(२)(ह) दाखवून वसूल करावं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आधी सगळ्यांना आणा, मग ज्याला झेपेल त्याच्याकडून घ्या. आधी आणा, मग घ्या, हे तर कायदाही धरून चालतो. आम्ही २०२० मध्ये आधी घेतलं आणि २०२२ मध्ये घेतलंच नाही.

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांना त्या शेऱ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "कुठला शेरा?"