अनिष्टाच्या समस्येपाशी झालेला मुक्काम

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी धर्मतत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र या विषयांचा अभ्यास मी लातूर जिल्ह्यातील माझ्या गावी राहून केला. ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करू पाहणारे अन्सेल्मचा सत्ताशास्त्रीय युक्तिवाद (ईश्वराच्या संकल्पनेवरूनच त्याचे अस्तित्व सिद्ध करणारा) आणि अक्वायनसचे पाच मार्ग आधारविधाने व निष्कर्ष वेगळे मांडून पाहिल्यावर उलगडत गेले. अडले ते अनिष्टाच्या समस्येपाशी, म्हणजे ईश्वर असताना जगात दुःख आणि वाईट का, या प्रश्नापाशी, आणि वर्षाचा बराच काळ तिथेच गेला.

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णतः मंगल आहे आणि तरीही जगात अनिष्ट आहे, ही विधाने परस्परविसंगत ठरतात, असे तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ साली मांडले. त्यावर तत्त्वज्ञ प्लॅन्टिंगा इच्छास्वातंत्र्याचा बचाव मांडतात: ईश्वराने दिलेल्या स्वातंत्र्याच्या दुरुपयोगातून अनिष्ट येऊ शकते. प्रत्येक उत्तर मी ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाशी ताडून पाहत असे, कारण आमच्या भागातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. गणेशविसर्जन आटोपून झोपलेली हजारो माणसे पहाटे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. त्यात कोणाच्या स्वातंत्र्याचा दुरुपयोग दाखवायचा? नैसर्गिक अनिष्टामागे अमानवी स्वतंत्र शक्ती असू शकतील, ही प्लॅन्टिंगा यांची सूचना विसंगतीचा आरोप टाळण्यापुरती पुरते, स्पष्टीकरण म्हणून मात्र ती मला अपुरी वाटते.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप वैषम्य (पक्षपात) आणि नैर्घृण्य (निर्दयता) या शब्दांत येतो. शंकराचार्यांचे उत्तर असे, की पाऊस सर्व बीजांना सारखाच पडतो, पीक मात्र ज्याच्या त्याच्या बीजाप्रमाणे येते; तसा ईश्वर जीवांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. पहिले कर्म कुठून आले, याला संसार अनादि असल्याचे उत्तर दिले जाते. तर्काच्या दृष्टीने ही मांडणी मला अधिक भक्कम वाटली, पण झोपेत गेलेल्या बालकाच्या माथी पूर्वजन्मीचे कर्म मारणे मला नैतिकदृष्ट्या मान्य होईना.

नीतिशास्त्राचा पेपर इथेच धर्मतत्त्वज्ञानाला येऊन मिळाला. ईश्वर आज्ञा करतो म्हणून कृती चांगली ठरते, की ती चांगली आहे म्हणून तो आज्ञा करतो, हा प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादातून आलेला पेच आहे. पहिला पर्याय स्वीकारला तर ईश्वराला मंगल म्हणण्यात काही अर्थच उरत नाही आणि किल्लारीबद्दल त्याला जाब विचारण्याचा आधारही जातो. कांट आणि मिल हे नीतितत्त्वज्ञ त्यानंतर लवकर वाचून झाले, कारण चांगुलपणाचा स्वतंत्र निकष शोधण्याची निकड तोवर मला पुरेपूर कळलेली होती. परीक्षेत मी कर्मसिद्धान्ताचे उत्तर पूर्ण ताकदीने मांडले आणि ते मला का पटत नाही, हेही सकारण लिहिले.