हरतालिकेला डोकं का उठतं, पित्त की चहा?

आमच्याकडे हरतालिका निर्जळी. म्हणजे सासूबाईंची निर्जळी आणि म्हणून माझीपण. लग्नानंतर पाच-सहा वर्षं ठरलेलंच होतं, दुपारचे तीन-चार वाजले की कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकायला लागायच्या आणि संध्याकाळी बाहेर बायका फुगड्या घालतायत तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत बाम चोळून, ओढणी आवळून पडलेली. सासूबाईंचं निदान एकच, पित्त. मीही मान डोलवायचे, पोटात काही नाही तर पित्त होणारच ना.

पण मग आषाढीला का नाही होत? तेव्हाही मी दोन केळी आणि मूठभर शेंगदाण्यांवर दिवस काढते आणि डोकं एकदम शांत. खूप वर्षांनी ट्यूब पेटली, एकादशीला चहा चालतो! चालतो काय, धावतो, तोंडात टाकायला दुसरं काही नसतं म्हणून पाच-पाच कप होतात. आणि सासूबाईंना हरतालिकेला काही होत नाही, कारण त्या रोज सकाळी फक्त अर्धा कप घेतात.

मग वाचायला बसले. मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन दिवसभर साठत जातं, त्याने पेंग येते आणि मेंदूच्या रक्तवाहिन्याही सैलावतात. चहातलं कॅफिन त्याच्यासारखंच दिसतं, त्यामुळे ते अडेनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना तसं. रोज चहा पिणाऱ्याचा मेंदू मग सीटाच वाढवतो. आणि एक दिवस चहा आलाच नाही की सगळ्या सीटांवर अडेनोसिन, रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं ठणकतं. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत हे सुरू होतं. माझा आदल्या दिवशीचा शेवटचा चहा संध्याकाळी पाचचा, आता तुम्हीच मोजा.

आणि यासाठी खूप प्यावं लागतं असंही नाही, दिवसाला 100 मिलिग्रॅमची सवयसुद्धा पुरते. आपल्या कपात साधारण 30 ते 50 असतं, म्हणजे तीन कपवाले सगळे आलेच यात. 2013 पासून डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसोपचारवाल्यांच्या निदानाच्या जाडजूड पुस्तकात, कॅफिन तुटणं हे रीतसर निदान आहे. आमच्या घरात अजून पित्तच आहे.

सगळं पाप चहाच्या माथी मारत नाहीये हां, उपाशी राहून आणि पाणी न पिऊनही डोकं दुखतं. पण रविवारी दहाला उठल्यावर जे जड डोकं असतं, ज्याला आपण जास्त झोप झाली म्हणतो, त्यातही सकाळचा चुकलेला चहा असू शकतो. ऑफिसातली एक मैत्रीण रोजे ठेवते, ती सहरीला शेवटी कडक चहा मारूनच घेते, तिला हे कुणी शिकवलं नाही, अनुभवाने कळलं.

गंमत म्हणजे डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही कॅफिन असतं, सॅरिडॉनमध्येपण, कारण त्याने वेदनाशामकाचा जोर थोडा वाढतो. म्हणून तर चहा आणि गोळी एकत्र घेतली की "जादू" होते. पण अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा-दहा दिवस, तेही महिनोन्महिने घेतल्या तर गोळीच डोकं दुखवायला लागते. अर्धशिशीवाल्यांनी हे जरा जपूनच, त्यांना चहाने कधी आराम पडतो तर कधी नेमकं उलटं होतं. (आणि अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखलं, किंवा सोबत ताप, मान आखडणं, बोलताना अडखळणं असलं काही असेल तर चहा-बिहा सोडा आणि सरळ डॉक्टर गाठा.)

मी चहा सोडला नाही, सोडणारही नाही. गेल्या वर्षी फक्त श्रावण लागल्यापासून थोडा थोडा कमी करत गेले, चार कपांवरून साडेतीन, मग तीन, असं करत हरतालिकेच्या आठवड्यात एका कपावर आले. एकदम तोडला असता तर तोच त्रास आठवडाभर आधी काढला असता, बाकी काही नाही. त्या दिवशी संध्याकाळी सातला थोडं जड वाटलं खरं, पण दोन फुगड्या घातल्या. सासूबाई म्हणाल्या, "बघ, मोरावळा लागू पडला." दुसऱ्या दिवशी पहाटे मोदकाचं सारण ढवळता ढवळता पहिला कप घेतला, आलं घालून, आणि गणपती बसेपर्यंत दुसराही झाला.